कंबर चाळीस

अहेरीत माणूस विनाकारण चालत नाही. बाजाराला जातो, तहसीलला जातो, मयतीला जातो, बस सुटली तर शिव्या देत पायी जातो. पण नुसता चालत नाही. बाबूभाई टेलरांना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पन्नास वर्षं त्यांनी याच गावात काढली होती. तरी दोन हजार एक सालच्या जानेवारीत त्यांनी चालायचं मनावर घेतलं, आणि पुढे जे झालं त्याचा दोष नेमका कोणाच्या माथी मारायचा, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

कारण साखरेचं होतं. तपासणीत उपाशीपोटी दोनशे चाळीस निघाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत सांगितलं की गोड बंद, रोज सकाळी दीड तास चालायचं, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. एकशे चाळीसच्या आत आली तर ठीक, नाहीतर रोज एक सुई, पोटावर, जन्मभर. हे ऐकून बाबूभाई खुर्चीतून उठले आणि लगेच परत बसले.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचं तीस वर्षं सुईवर पोट चाललं तो सुईला काय भ्यायचा? गावानंही हेच म्हटलं. त्यावर बाबूभाईंचं उत्तर ठरलेलं होतं. मी सुई कापडात घालतो, म्हणायचे, कसं वाटते ते कापडाला विचारा. लहानपणी देवीची लस टोचायला माणूस आला तेव्हा ते धान्याच्या कोठीत लपले होते, आणि लसवाला दुसऱ्या गावाला गेल्याची दोन जणांनी शपथ घेतल्यावरच बाहेर आले होते. असा माणूस. त्यामुळे चालणं आलंच.

पहिल्या दिवशी ते गावातूनच चालले. ही मोठी चूक होती. शिंपी हा दुकानात बसलेला असतो तोवरच सुरक्षित असतो, कारण मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नाही असं दाखवता येतं. रस्त्यावर तो सापडला की संपलं. बाबूभाईंचा धंदा एका शब्दावर उभा होता, आणि तो शब्द होता 'उद्या'. कपडा कधी मिळेल? उद्या. काज झालं का? उद्या. चौकापर्यंत जाईस्तोवर त्यांना सात 'उद्या' भेटले. आठवा होता हवालदार देवाजी, ज्याची खाकी पँट दसऱ्यापासून दुकानात खुंटीवर होती. आणि जो अडवायचा तो भांडून झाल्यावर चहाही पाजायचा, कारण अहेरीत भांडणानंतर चहा पाजण्याची पद्धत आहे. दीड तासात चार गोड चहा झाले.

शेजारच्या सायकल दुकानातल्या रईसनं सल्ला दिला की अनवाणी चाला, साखर तळपायातून उतरते. मग म्हणाला, मेथी भिजवून प्या. मग म्हणाला, इतकं चालायचंच हाय तर सायकल काऊन नाई घेत? बाबूभाईंना संशय आला की या तीन सल्ल्यांपैकी शेवटचाच खरा आहे. त्यांनी ठरवलं, गावात चालायचं नाही. नाला ओलांडायचा, टेकडी चढायची, पलीकडे कोहकाटोला नावाचं डोंगरातलं गाव आहे तिथवर जायचं आणि परत यायचं. तिथं त्यांचं एकही गिऱ्हाईक नव्हतं.

नाल्यापाशी वनखात्याचा नाका होता आणि नाक्यावर वनरक्षक दिनेश होता. तरणा, पण पोट सुटलेला, आणि दिवसभर एका रजिस्टरमागे बसून प्रत्येकावर डोळे बारीक करणारा. रजिस्टरात नाव, जायचं गाव, वेळ आणि 'कारण' असे रकाने होते. बाबूभाईंनी कारणाच्या रकान्यात 'फिरणे' लिहिलं. दिनेशनं ते वाचलं, बाबूभाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, बांबू लिहा, मोह लिहा, जळाऊ लाकूड लिहा, बकरी हरवली लिहा; फिरणे कोणी लिहीत नाई. फिरणे लिहिलं तर साहेब मले विचारतील की हा माणूस जंगलात करून काय राह्यला.

बाबूभाई मुळात तडजोडीचा माणूस. त्यांनी 'जळाऊ लाकूड' लिहिलं. पण परत येताना दिनेशनं अडवलं. कागदावर लाकूड आहे आणि डोक्यावर नाही, म्हणजे लाकूड गेलं कुठी? मग चार दिवस अहेरीतल्या लोकांनी असं दृश्य पाहिलं की गावचा नामांकित जेन्ट्स स्पेशालिस्ट, इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर मोळी घेऊन भर वस्तीतून येतो आहे. शेजारच्या शगुफ्ताबाईंनी कनीजला भिंतीवरून विचारलं की दुकान बसलं काय. कनीज म्हणजे बाबूभाईंची बायको, आणि इज्जतीच्या बाबतीत ती त्यांच्यापेक्षा दोन बोटं वरच. तिनं सांगितलं की उद्या मोळी आणली तर दारात उभं करणार नाही.

मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं. 'रुग्णास चालणे आवश्यक आहे' असं त्यात लिहिलेलं होतं, म्हणजे डॉक्टरांचं तसं म्हणणं होतं. कागदावर नुसत्या मुंग्या चालल्या होत्या. दिनेशला ते वाचता येईना. त्यानं ते देवाजी हवालदाराला दाखवलं. देवाजीनं उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि त्याची नक्कल उतरवून ठाण्यात नेली. ती वर्षं तशी होती, नक्षलवाद्यांच्या धास्तीची. अंधाऱ्या जंगलाकडे रोज पायी जाणारा माणूस आणि त्याच्या खिशात कोणालाच न वाचता येणारी चिठ्ठी, हे ठाण्यातल्या साहेबांना बरं वाटलं नाही. त्यांनी देवाजीला साध्या कपड्यांत पाळत ठेवायला सांगितलं. दिनेशला वेगळाच संशय. त्याला वाटलं, हा सागवानाची झाडं हेरून राह्यला. तोही मागं निघाला. यातलं बाबूभाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना मागं वळून पाहायची सवयच नव्हती. मागं पाहिलं की गिऱ्हाईक दिसतं, हा तीस वर्षांचा अनुभव.

मोळीची कटकट सुटल्यावर ते पहिल्यांदा कोहकाटोल्यात पोचले तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. टेकडी चढताना धाप लागली, पण वर वारा होता, मोहाची झाडं होती, खाली पंधरा-वीस घरं, सारवलेली अंगणं, आणि कोणीही 'माझा शर्ट' म्हणत नव्हतं. पहिल्या घराच्या आवारात त्यांनी हसून जोहार घातला. अंगणातली बुधरीबाई सूप तसंच टाकून आत गेली. पाच मिनिटांत आठ-दहा माणसं जमली आणि सगळी बाबूभाईंच्या गळ्याकडे पाहत होती.

बाबूभाईंनी हात लावून पाहिलं. गळ्यात टेप होता.

टेप कायमच असायचा. अंघोळीला जाताना कनीज काढून घ्यायची, नाहीतर तो तसाच ओला व्हायचा. निकाहाच्या फोटोतही शेरवानीवर टेप होता आणि फोटोवाल्यानं तो हार समजून नीट केला होता. पण कोहकाटोल्यात टेपचा अर्थ वेगळा होता. तीन वर्षांपूर्वी असाच एक माणूस मोजपट्टी घेऊन आला, गोड बोलला, झाडाखाली बसून सोबतचा डबा खाल्ला आणि गेला. महिन्याभरानं गावाच्या चारी अंगांना दगडांवर चुन्याच्या खुणा उमटल्या. त्या कशाच्या, खाणीच्या की धरणाच्या, ते अजून कोणी सांगितलं नव्हतं. खुणा पावसानं धुतल्या गेल्या, पण गाव काही ते विसरलं नव्हतं.

मी शिंपी आहे, बाबूभाई म्हणाले. कपडे शिवतो. गावचे पाटील कोलू, साठीचा शांत माणूस, त्यांनी विचारलं की मग इथी काय शिवायला आले? काही नाही, नुसता चालायला आलो, असं बाबूभाईंनी खरं ते सांगितलं. बुधरीबाईनं मान हलवून "हिल्ले" म्हटलं, म्हणजे हे काही खरं नाही.

मग कोलू पाटलांनी खाट टाकली आणि बुधरीबाईला काहीतरी सांगितलं. तिनं पानावर मोहाचे दोन लाडू आणून ठेवले, सुक्या मोहात तीळ कुटून केलेले, चांगले लिंबाएवढे, वर मध.

"खा भाऊ," कोलू पाटील म्हणाले. "मोजणीवाले आमच्या घरचं खात नाईत. डबा आणतात, पाणीही गाडीतलं पितात. जो खाते तो मोजत नाई."

बाबूभाईंच्या डोळ्यांपुढे सुई आली. त्यांनी लाडवाकडे पाहिलं, मग दहा जणांकडे पाहिलं. साखर आहे, डॉक्टरांनी मनाई केली आहे, असं ते पुटपुटले. मागच्यालाही पोटाचा आजार होता म्हणे, एका म्हाताऱ्यानं आठवण करून दिली. बाबूभाईंनी लाडू खाल्ला. दुसराही खाल्ला. आणि माणसानं खोटं बोलू नये, लाडू फार चांगले होते.

वाटलं, एकदा खाल्लं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी गेले तर खाट टाकलेलीच होती आणि पान वाढलेलं. तिसऱ्या दिवशी तीन लाडू. रस्ता बदलावा तर दिनेशच्या रजिस्टरात गाव कोहकाटोला असं लिहून झालं होतं. गावाला जाऊन तोंड न दाखवता परतावं तर गावाचा संशय पक्का होणार. टेप घरी ठेवून पाहिला, तर कोलू पाटलांनी पहिल्यांदा तेच विचारलं, की आज पट्टी कुठी लपवली? दुसऱ्या दिवसापासून टेप पुन्हा गळ्यात आला. रोजचे तीन लाडू, वर गुळाचा काळा चहा. येताना बाबूभाई मनाशी हिशेब करायचे की चढताना किती साखर जळली आणि बसून किती चढली, आणि हिशेब जमला नाही की पाय जरा जोरात उचलायचे. उतारावर त्याचा काही उपयोग नव्हता.

घरी हे सांगण्याची सोय नव्हती. कनीजनं त्यांच्यासाठी चहातली साखर बंद केली होती, सणाचा शीरखुर्मा बंद केला होता, स्वतः कारलं खायला लागली होती. तिला काय सांगणार, की मी रोज डोंगर चढून लाडू खायला जातो?

शिवाय आता कनीजचीच काळजी वाटायला लागली होती. रोज दहाच्या सुमाराला ते घरी परतत तेव्हा ती चुलीपुढे बसलेली असायची, घामानं डबडबलेली, भात्यासारखा श्वास. विचारलं तर धूर म्हणायची. एक दिवस बाबूभाईंनी तिला फार प्रेमानं समजावलं की बाई, बसून बसून अशी धाप लागते; तू पण थोडं चालत जा. कनीजनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्यानं दुकानात गेले.

फेब्रुवारी सरताना दिनेश दुकानात आला. पँट ढिली होऊन राह्यली, कमरेत घ्या म्हणाला. बाबूभाईंनी माप घेतलं. चाळीसचा माणूस सदतीसवर आला होता. आठवड्यानं देवाजी आला. दसऱ्याची पँट अखेर शिवून झाली होती, आणि घालून पाहिली तर कमरेवरून खाली उतरली. बेचाळीसची कंबर अडतीस! बाबूभाईंना प्रथम स्वतःच्या वहीचा संशय आला, मग टेपचा. टेप जुना झाला की लांबतो. त्यांनी तोच टेप स्वतःच्या पोटाला लावला. तिथं मात्र तो आखूड पडत होता.

देवाजी आरशात पाहत खूश होता. बोलता बोलता म्हणाला, "काही म्हणा बाबूभाई, वहिनीच्या हातचं कारलं लय भारी."

बाबूभाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. एक खाली पडली.

या हवालदाराला कनीजच्या हातचं कारलं कसं माहीत? विचारावं तर कसं विचारावं? देवाजी जीभ चावून पँट न घेताच गेला, त्यामुळे संशय दुप्पट झाला. त्या दिवशी बाबूभाईंनी एका शाळामास्तरांच्या शर्टाला तीन बाह्या कापल्या. मनात नको नको ते आलं. आपण डोंगरावर, ती घरी, रोज दहा वाजता धाप, घाम, आणि या माणसाची कंबर चार इंच कमी. शगुफ्ताबाई हल्ली भिंतीवरून आपल्याकडे कीव आल्यासारखं बघते, तेही आठवलं.

संध्याकाळी घरी गेले तर कनीजनं त्यांच्यापुढे निळा कमीज टाकला. जरा आत घ्या म्हणाली, अंगावर लोंबते.

बाबूभाईंनी बावीस वर्षांत बायकोचं माप घेतलं नव्हतं. गरजच नव्हती. निकाहानंतर एकदा घेतलं, मग डोळ्यांनीच वाढवत नेलं, आणि गेली दहा वर्षं वहीत कंबर चाळीस अशी कायम होती. सलवारीला नाडी असते, ती काही सांगत नाही, आणि वरून बुरखा. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि तिच्या कमरेभोवती फिरवला. छत्तीस.

"कनीज," ते म्हणाले, "खरं सांग. तू रोज कुठी जाते?"

कनीज खाटेवर बसली. आधी ओढणी तोंडाला लावून हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. म्हणाली, तुमच्या मागं. दुसरं कुठी जाणार? पहिल्या आठवड्यापासून मागं येऊन राह्यली. पुढे दिनेश, मग देवाजी, मग मी. टेकडीवर चढताना तिघांची गाठ पडली, तेव्हा कोणीच कोणाला काही सांगू शकत नव्हतं, म्हणून तिघं गावाबाहेरच्या मोहाआड एकत्र बसायला लागली. तिच्या डब्यातलं कारलं आणि भाकरी तिघांत व्हायची. बाबूभाई खाटेवरून उठले की तिघांना त्यांच्या आधी टेकडी उतरून पळावं लागायचं, म्हणून रोजची धाप.

"शगुफ्ता म्हणे दुसरी बायको केली असंल," कनीज म्हणाली. "मी म्हटलं, दुसरी बायको नाई, दुसरी जिलबी असंल. तुमच्याकडे कोण पाहते? पण मी झाडाआडून पाहिलं. लाडू दिसले. तीन-तीन."

बाबूभाईंना एकीकडे जीव भांड्यात पडल्यासारखं झालं आणि दुसरीकडे फार अपमान वाटला. दुसरी बायको असण्याचा संशयही आपल्यावर कोणी धड घेऊ नये, हे त्यांना लागलं. पण मग त्यांनी पोटाच्या सुईची, चुन्याच्या खुणांची आणि लाडवांची सगळी गोष्ट सांगितली. कनीजचं हसू तिथंच थांबलं. मंगळवारी मी सोबत येते, ती म्हणाली, मागून नाही. रक्त तपासायला बुधवारी जायचं होतं.

मंगळवारी दोघं बरोबर निघाली. दिनेशनं रजिस्टरात कारण काय लिहावं म्हणून पेन चावलं आणि शेवटी 'बायको' लिहिलं. कोहकाटोल्यात बुधरीबाईनं कनीजला पाहिलं आणि ओळखीच्या माणसासारखं हसली. कनीजनं हात जोडून सांगितलं की भाऊ, यांना साखर आहे, यांना लाडू देऊ नका, वाटल्यास मले द्या. कोलू पाटलांनी लाडवाचं पान कनीजपुढे सरकवलं आणि ते बाबूभाईंकडे वळले.

"तुमच्यावर तर पहिल्याच दिवशी भरोसा बसला होता," ते म्हणाले. "दोन लाडू पुरले होते. पण रोज तुमच्या मागं तीन माणसं येत, झाडाआड बसत, तुम्ही उठले का पळून जात. आम्ही म्हटलं, हा शिंपी आहे तर याच्या मागं पहारा कशाचा? म्हणून रोज खाऊ घालून पाहात होतो. बाईले सोबत आणली असती तर पहिल्या दिवशीच सुटले असते. मोजणीवाले बायको आणत नाईत."

बाबूभाईंनी कनीजकडे पाहिलं. कनीज जमिनीकडे पाहत होती. परत येताना नाल्यापाशी आल्यावर ती त्यांचा हात धरून म्हणाली की माझ्यामुळं झालं हे. त्यांनी नाही नाही म्हटलं. पण मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं, आणि ते तिला कळलं.

बुधवारी साखर दोनशे साठ निघाली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. इतकं चालून वाढलेली साखर त्यांनी आजवर पाहिली नव्हती. दिनेश आणि देवाजीही तिथं आलेले होते, वजन करून पाहायला. डॉक्टरांनी त्या दोघांची पाठ थोपटली. कनीजची तर फारच तारीफ केली आणि बाबूभाईंना सांगितलं, बाईंकडून काही शिका. मग कनीजला सुई कशी धरायची, पोटाची चिमूट कशी घ्यायची, ते दाखवलं. ती एकदा पाहूनच शिकली.

गुरुवारी सकाळी, चालायला निघायच्या आधी, बाबूभाई खाटेवर सदरा वर करून बसले. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठींत गळ्यातल्या टेपची टोकं. कनीजनं कापूस फिरवला. गार कापूस लागला तसे बाबूभाई आक्रसले, आणि तीस वर्षं साऱ्या गावाला ऐकवलेला शब्द त्यांच्या तोंडून आपसूक निघाला.

"उद्या," ते म्हणाले.

"उद्याची उद्या देते," कनीज म्हणाली. "ही आजची."